बोंडू, नीरो, हुर्राक, फेणी: सत्तरीच्या डोंगरातला एक दिवस

आदल्या रात्री वाटाड्याचा व्हॉट्सअॅपवर निरोप आला. सकाळी अत्तर, सेंट काही लावू नका. पोटभर नाश्ता करून या, पण तिखटजाळ नको. पायात सहज काढता येतील अशा चपला घाला. पांढरे कपडे टाळा. आणि शेवटी, ‘परत येताना कोणीही गाडी चालवणार नाही, गाडी आमची आहे.’ वहिनीने यातली एकच सूचना पाळली नाही आणि तिचा पांढरा कुर्ता आता घरी फरशी पुसायला आहे. बोंडूच्या, म्हणजे काजूच्या फळाच्या, रसाचा डाग जात नाही, हे माझ्या आजोळी शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण वहिनी पडली सांगलीची.

एप्रिलचा दुसरा पंधरवडा होता. गोव्यात समुद्र सोडून काही करायचं, असं आम्ही यंदा ठरवलं होतं. सत्तरी तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी, काजूच्या बागेत नेऊन फेणी कशी होते ते दाखवतात आणि वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावर चाखायला देतात, असं कळल्यावर मी लगेच नावं नोंदवली. नवऱ्याने कपाळाला आठ्या घातल्या. फेणीबद्दलचं त्याचं मत कॉलेजच्या सहलीत, काजूच्या आकाराच्या एका काचेच्या बाटलीने कायमचं ठरवून टाकलं होतं. ‘सडक्या फळाचा वास येतो’ एवढं म्हणून तो विषय संपवायचा. वहिनी तर पीतच नाही. तिच्यासाठी मी आधीच फोन करून विचारलं होतं. उत्तर आलं, न पिणाऱ्यांना दिवसभर पुरेल एवढं खायला आहे, आणि नीरो आहे, म्हणजे बोंडूचा ताजा, न आंबलेला रस. ती नीऱ्यासाठी आली.

पणजीहून सातला निघालो. जुनं गोवं, फोंडा, उसगांव करत वाळपई. फोंडा सोडेपर्यंत गोवा आपल्याला ठाऊक असतो तसाच, देवळं, बसस्टँड, पावभाजीच्या पाट्या. उसगांवच्या पुढे रस्ता बदलतो. म्हादई नदी ओलांडली की समोर सह्याद्रीची भिंत दिसायला लागते. गोव्यातलं सर्वांत उंच शिखर सोंसोगड इथेच, सत्तरीतच आहे. गोव्याला डोंगर आहेत हे अर्ध्या पर्यटकांच्या गावीही नसतं. वाळपईला चहासाठी थांबलो तेव्हा दुकानातली माणसं आपसात मराठीत बोलत होती. सत्तरीत हे नेहमीचं आहे. वाटाड्या तिथलाच, पंचविशीतला मुलगा. त्याने चहात साखर घेऊ नका म्हणून सांगितलं. पुढे जे गोड चाखायचं आहे त्याची गोडी कळायला हवी म्हणे. मला ते जरा नाटकी वाटलं होतं.

आमच्याबरोबर बंगळुरूची दोन जोडपी होती आणि गिरगावातले एक निवृत्त काका, एकटेच. काकांना गोव्यातल्या प्रत्येक गोष्टीची जुनी किंमत पाठ होती.

बाग म्हणजे आखीवरेखीव बाग नव्हे. तांबड्या जांभ्या मातीचा उतार, त्यावर हव्या तशा वाकड्यातिकड्या वाढलेल्या काजूच्या झाडांची गर्दी आणि खाली वाळलेल्या पानांचा घोटाभर थर. काजू पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणला. आज तो डोंगरावर असा पसरला आहे की जणू इथलाच. वास आधी आला, झाडं नंतर दिसली. पिकलेल्या बोंडूचा तो वास कोणी एकदा घेतला की विसरत नाही. पिकल्या पेरूत थोडा अननस, थोडं आंबूस आणि मागे कुठेतरी कच्च्या डिंकासारखं काहीतरी. नवरा माझ्याकडे बघून म्हणाला, ‘बघ, हाच तो.’

बाया फळं गोळा करत होत्या. हातात लांब काठी, काठीच्या टोकाला खिळा. वाकायचं नाही, खिळ्याने बोंडू टोचायचा आणि टोपलीत टाकायचा. झाडावरचं फळ कोणी तोडत नाही. खाली पडलेलंच घ्यायचं, हा नियम. तोडलेल्या बोंडूत गोडी पुरती भरलेली नसते आणि तो घसा धरतो. पडलेला बोंडू मात्र फार थांबत नाही. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी तुडवायला हवा, नाहीतर उन्हात तो तिथेच आंबायला लागतो. म्हणून हंगामात सुट्टी नाही. मार्चपासून मे संपेपर्यंत रोज सकाळी ही फेरी.

टोपली भरली की बिया पिळून वेगळ्या करतात. बोंडूला एका हाताने धरायचं, बीला पीळ द्यायचा, टक्कन सुटते. बी एका ढिगात, फळ दुसऱ्या. आम्ही सगळ्यांनी करून पाहिलं. एका म्हातारीने माझा हात बघितला आणि विचारलं, ‘तूं खंयची?’ मी म्हटलं, आजोळ दोडामार्गाचं, इथलंच सीमेपलीकडचं. ‘मगे आमचीच,’ म्हणाली आणि बंगळुरूकरांकडे वळली, त्यांना शिकवायची गरज जास्त होती.

इथे पहिली चव. ताजा बोंडू, चिरून, वर मीठ. मिठाशिवाय खाल्ला तर घशात खवखवतं, कारण त्यातलं तुरट टॅनिन. मीठ लावलं की ते बरंचसं दबतं. संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व यात असतं, पण साल इतकी नाजूक की फळ बाजारापर्यंत टिकत नाही. त्यामुळे जगभर काजूची बी विकली जाते आणि फळ बहुतेक ठिकाणी मातीत जातं. आमच्याकडेही तेच. लहानपणी मामाच्या बागेत आम्ही बोंडू पायाने लाथाडत फिरायचो. गुरांना घालायचे, उरलेले कुजायचे. किंमत काजीला, म्हणजे बीला. सीमेपासून तासा-दोन तासाच्या अंतरावर त्याच फळासाठी अशी धांदल चाललेली बघून मला थोडं लाजल्यासारखं झालं, खोटं कशाला बोलू.

मग उतारावरून खाली कोळंबीकडे. कोळंबी म्हणजे खडकात कोरलेला उथळ हौद, त्यात बोंडू ओतून पायाने तुडवायचे आणि रस एका बाजूच्या छिद्रातून खालच्या भांड्यात. आम्हाला पाय धुवायला लावले आणि आत उतरवलं. गार, निसरडं, पायाच्या बोटांतून गर वर येतो. मजा येते, फोटोही छान येतात, आणि बंगळुरूकरांनी एवढे काढले की वाटाड्याला घड्याळ दाखवावं लागलं. पण भाटीच्या, म्हणजे दारू गाळायच्या जागेच्या, मागच्या बाजूला एक यंत्र घरघरत होतं, हे मी पाहिलं. खरा माल तिथे दळला जात होता. मी वाटाड्याला विचारलं, तेव्हा त्याने सरळ सांगितलं, ‘ताई, पायाने तुडवणारी माणसं मिळत नाहीत आता. कोळंबी पाहुण्यांसाठी.’ मला त्याचा राग नाही आला. पण सहलीच्या जाहिरातीत फक्त पाय दिसतात, यंत्र दिसत नाही, एवढं सांगून ठेवते.

तुडवून झाल्यावर उरलेल्या चोथ्याचा ढीग करतात, वेलीने घट्ट बांधतात आणि वर दगड ठेवतात. या दाबाने जो रस थेंबथेंब गळतो, तो नीरो. तुडवून आलेला रस गढूळ आणि जाड असतो, तो आंबवायला जातो. नीरो मात्र स्वच्छ, फिकट सोनेरी. मातीच्या मडक्यातून गार करून दिला. वहिनीने एक घोट घेतला, थांबली आणि ग्लास रिकामा करून पुढे केला. गोड आहे, पण साखरेसारखा चिकट नाही. शेवटी जिभेवर हलकी तुरट खूण उरते आणि म्हणून लगेच दुसरा घोट हवासा वाटतो. मी आजवर प्यायलेल्या सगळ्या सरबतांत मी त्याला वर ठेवीन. तो बाटलीत भरून विकता येत नाही. सकाळी गळलेला नीरो दुपारच्या उन्हात फसफसू लागतो आणि संध्याकाळी तो नीरो राहत नाही. मुंबईचे काका म्हणाले, ‘एके काळी हा फुकट मिळायचा.’ वाटाड्या हसला, ‘काका, आजसुद्धा फुकटच आहे, आणखी घ्या.’

आणि चहात साखर का नको, ते मला तिथे कळलं.

यानंतरचा टप्पा बघायला फारसा नाही, ऐकायला आणि हुंगायला आहे. एका काळोख्या पडवीत निळी प्लास्टिकची पिंपं ओळीने उभी. पूर्वी यासाठी मातीची मोठी कोडमं असत, अर्धी जमिनीत पुरलेली, म्हणजे आतला रस गार राहतो. एक कोडम कोपऱ्यात दाखवायला ठेवलं होतं. पिंपाला कान लावला की आत सतत बारीक कुजबूज चालू. वर तपकिरी फेस. रस साधारण तीन दिवस असा ठेवतात. मी मुद्दाम विचारलं की यीस्ट घालता का, साखर, पाणी? काही नाही. फळाच्या सालीवर आणि हवेत जे असतं त्यानेच आंबतो. झाकण काढल्यावर जो वास आला तो मात्र नाकाला झोंबणारा होता, ताजा पाव आणि नेलपॉलिश एकत्र केल्यासारखा. नवरा दोन पावलं मागे सरला. पण मला त्यात सकाळचा बोंडू ओळखू आला. फक्त गोडी गेली होती आणि तो धीट झाला होता.

भाटीत शिरलो तेव्हा अकरा वाजले होते आणि एप्रिलचं ऊन कमी म्हणून की काय, आत चुलाण पेटलेलं. तांब्याचं मोठं भाण चुलीवर, बाहेरून धुराने काळंकुट्ट. त्यात आंबलेला रस. भाणाच्या तोंडापासून नळी निघते ती सिमेंटच्या पाण्याच्या टाकीत शिरते, आत तांब्याची वेटोळी, आणि टाकीच्या खालच्या बाजूने थेंब बाहेर. जुन्या पद्धतीत वेटोळ्याऐवजी लावणी असे, मातीचं बंद मडकं, त्यात वाफ जाऊन द्रव व्हायची आणि त्याच्यावर एक माणूस सतत थंड पाणी ओतत बसायचा. भाटीचे मालक साठीचे, अंगात बनियन, डोक्याला पंचा. ते बोलत कमी होते. दर थोड्या वेळाने टाकीच्या वरच्या पाण्यात हात घालून बघत. पाणी तापलं की बदलायचं, नाहीतर वाफ थंड न होताच निघून जाईल. आग फार झाली तर रस उतू येऊन नळीत शिरेल, कमी झाली तर दिवसभर थेंब पडणार नाही. थर्मामीटर कुठेच नव्हता.

मला सगळ्यात आवडलं ते भाणाचं तोंड कसं बंद करतात ते. नळी आणि भाण जिथे जोडतात तिथून वाफ गळू नये म्हणून चिंधी गुंडाळून वरून चिखल लिंपलेला. साधा चिखल नव्हे, वारुळाची माती. ती वाळल्यावर तडकत नाही. गोव्यात रोयण, म्हणजे वारूळ, हे सातेरी देवीचं रूप. कितीतरी गावांत देवळाच्या गाभाऱ्यात वारूळच पुजतात. मी मालकांना विचारलं, ही माती दारूच्या भांड्याला कशी चालते? त्यांनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं. ‘देवीच्या रोयणीची कोण काढतो? रानातली.’ म्हणाले आणि परत टाकीत हात घातला.

ही भाटी कोणीही कुठेही लावू शकत नाही, हेही तिथे समजलं. काजूचे डोंगर विभागून हंगामाआधी अबकारी खातं त्यांचा लिलाव करतं. बोली ज्याला लागते त्याला त्या विभागातल्या बोंडूचा रस काढून दारू गाळायचा हक्क. मालकांच्या बोलण्यातून एवढं कळलं की पाऊस लवकर आला तर बोली लावलेले पैसे पाण्यात. मार्चात मोहोर करपला तरी तेच.

पहिल्या गाळपात येतो तो हुर्राक. थेंब पडत होता त्या भांड्यातून मालकांनी करवंटीच्या पळीने थोडा काढला आणि छोट्या ग्लासांत दिला, कोमटच. वाटाड्या म्हणाला, आधी असाच घ्या, मिसळून नंतर. साधारण पंधरा टक्के मद्यार्क. वास हलका, फळाचा, जवळजवळ नीऱ्याचा भाऊ. चव कोरडी, घशात एक बारीक ऊब. त्यात गोडी अजिबात नाही आणि तरीही गोड फळाची आठवण आहे. मी दुसरा घोट घेतला आणि नवऱ्याकडे बघितलं. तो काही न बोलता ग्लास नाकाशी धरून उभा होता.

मग झाडाखाली बसवलं आणि हुर्राक गोव्यात खरा जसा पितात तसा आला. बर्फ, लिम्का, लिंबाची फोड, चिमूट मीठ आणि मधोमध चिरलेली हिरवी मिरची ग्लासात उभी. मिरची चावायची नसते, तिचा तिखट वास आणि हलकी झणझण पेयात उतरते. सोबत निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा आणि कांदा-खोबऱ्यात कालवलेलं सुक्या सुंगटांचं, म्हणजे कोळंबी माशाचं, किसमूर. भर उन्हात, घामाघूम झालेल्या माणसाला हे किती छान लागतं ते लिहून कळायचं नाही. आणि हाच त्याचा धोका आहे. सरबतासारखा उतरतो आणि बसलेला असताना काही वाटत नाही. बंगळुरूच्या एका गृहस्थांना उठल्यावर कळलं. वाटाड्याने त्यांना गपचूप मिठाचं ताक आणून दिलं, त्याला याची सवय होती.

हुर्राक फक्त हंगामात. तो टिकत नाही, काही महिन्यांत उतरतो, म्हणून दुकानात बाराही महिने मिळत नाही. एप्रिल-मे महिन्यांत गोव्यातल्या बारमध्ये आणि घराघरांत पाण्याच्या जुन्या प्लास्टिक बाटल्यांतून तो फिरत असतो. पावसाळा सुरू झाला की संपला.

मध्ये काजी भाजण्याचा कार्यक्रम झाला, तो माझ्यासाठी नवीन नव्हता, पण बाकीचे खूष झाले. छिद्रं पाडलेल्या पत्र्यावर बिया टाकून खाली जाळ. सालीतलं तेल गळून पेट घेतं, भपकन ज्वाळा, काळा धूर, सगळे खोकत मागे. हे तेल कातडीला लागलं तर फोड येतात. काजू हा बिब्ब्याच्याच कुळातला, आंबाही त्यातलाच, ज्यांना आंब्याच्या चिकाने पुरळ येतं त्यांनी इथे हात पुढे करू नये. मग बियांवर माती टाकून विझवतात आणि दगडाने फोडतात. गरम, अर्धा करपलेला गर. पाकिटातला पांढराशुभ्र काजू याच्यापुढे बेचव आहे असं माझं मत, आणि ते आजोळमुळे आहे हेही मान्य.

जेवण घरातल्या बायकांनी रांधलेलं, पडवीत, केळीच्या पानावर. इथे मी बाकी सगळं सांगणं थांबवून जेवणाचंच सांगणार आहे. उकड्या तांदळाची पेज आधी, वाडग्यात, त्यात बुडवायला मिठाच्या पाण्यात मुरवलेली तोरं, म्हणजे छोट्या कैऱ्या. मग उकड्या तांदळाचा भात, आळसांद्यांचं, म्हणजे गोव्याच्या चवळीचं, तोणाक, नाचणीची भाकरी. खतखतं होतं, भाज्यांची ती जाड आमटी जिच्यात तिरफळं घातल्याशिवाय गोव्यात चालत नाही. तिरफळाने जिभेचं टोक हलकं बधिर होतं, वहिनी म्हणाली यात काहीतरी गडबड आहे आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं. आणि ओल्या काजूंची भाजी. कोवळ्या बीतून काढलेला, साल सोललेला, मऊ, दुधाळ गर. ओलं खोबरं, धणे, किंचित गूळ. ही भाजी करणाऱ्या बाईंची बोटं बघा म्हणून वाटाड्याने सांगितलं, बोटांची टोकं काळी पडलेली, सोलताना लागलेल्या चिकाने. महाराष्ट्रात ओल्या काजूचा किलोचा भाव बघून आपण हळहळतो, तो भाव या बोटांचा असतो. शेवटी मणगणं, हरभऱ्याची डाळ, गूळ, नारळाचं दूध आणि त्यातही काजू. सोलकढी हवी तेवढी.

जेवणानंतर झोपायची सोय असती तर मी फेणी सोडली असती. पण आता खरी चाखणी होती, आणि वाटाड्याने ती नीट रचली होती. हुर्राक आणि आंबलेला ताजा रस एकत्र करून पुन्हा गाळलं की फेणी निघते, बेचाळीस-त्रेचाळीस टक्क्यांच्या आसपास. मालक दोन गोष्टी करतात. ग्राव, म्हणजे दारूची तीव्रता, मोजायची काचेची तरंगती नळी बुडवून बघतात, आणि मग तिच्यावर विश्वास नसल्यासारखं बाटलीत थोडी घेऊन हलवतात. वर बुडबुड्यांची माळ किती वेळ टिकते त्यावरून त्यांना कळतं. तयार फेणी गराफांवात, म्हणजे काचेच्या मोठ्या फुगीर बाटल्यांत, ठेवून देतात.

आधी प्यायची नाही. तळहातावर थेंब टाकायचे, दोन्ही हात चोळायचे, मद्यार्क उडून जाऊ द्यायचा आणि मग ओंजळ नाकाशी न्यायची. मी डोळे मिटले आणि सकाळच्या त्या उतारावर उभी होते. वाळलेली पानं, पडलेले बोंडू, वर थोडा धूर. बोंडूचा वास पिंपात झोंबला होता, हुर्राकात पातळ झाला होता, आणि इथे परत आला होता, दाट होऊन. नवरा हात चोळत बराच वेळ बसला. शेवटी म्हणाला, ‘वास तोच आहे. पण सडका नाहीये.’ वीस वर्षांच्या संसारात त्याच्याकडून मत बदलल्याची याहून मोठी कबुली मला मिळालेली नाही.

मला वाटतं, फेणीला नावं ठेवणाऱ्या बहुतेकांनी ती उलट्या टोकाने सुरू केलेली असते. बाटलीतून थेट, रात्री, किनाऱ्यावर, बहुतेक वेळा भेसळीची. ज्याने बोंडू हुंगलाच नाही त्याला तो वास कशाचा ते कळायला मार्ग नाही, मग तो सडकाच वाटणार. स्कॉटलंडच्या काही व्हिस्कीला जळक्या पीटचा, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीचा, हॉस्पिटलसारखा वास येतो आणि लोक त्याचे पैसे जास्त मोजतात. ते सुद्धा शिकूनच आवडलेलं असतं.

छोट्या ग्लासांतून यंदाची फेणी चाखली. ती तीक्ष्ण, उतावळी. मग काही वर्षं काचेत राहिलेली, हिचे काने-कोपरे घासले गेलेले, घशाऐवजी छातीत ऊब. मग माडाची फेणी, नारळाच्या सुरेपासून, म्हणजे माडीपासून, गाळलेली. ती मुख्यतः दक्षिण गोव्यातली, मुद्दाम फरक कळावा म्हणून आणली होती. सौम्य, जरा मातकट, मला एवढी नाही आवडली. शेवटी दुदशिरी, फेणीत दुदशिरीची मुळं मुरवलेली. दुदशिरी म्हणजे आपली उपळसरी, अनंतमूळ. तिला व्हॅनिलासारखा गोडसर सुवास असतो, आणि इथे ती पोट बिघडलं की औषध म्हणून थोडी घेतात. मुंबईच्या काकांनी तिचे दोन ग्लास औषध म्हणूनच घेतले.

काजूच्या फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि 2016 मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला, हे वाटाड्याने अभिमानाने सांगितलं. त्याआधी ती कायद्याच्या लेखी फक्त गावठी दारू होती. मानांकनाने भाटीवाल्यांचं काय बदललं, हे मी मालकांना विचारलं. ते म्हणाले, ‘पाहुणे येऊ लागले.’ यात कौतुक किती आणि टोमणा किती, मला नीट कळलं नाही.

जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी. एप्रिलमध्येच जा. मार्चच्या सुरुवातीला फळ कमी आणि मेच्या अखेरीला वळवाने बोंडू पाणचट होतात. पावसाळ्यात अशी सहल कोणी विकत असेल तर तो तुम्हाला रिकामी भाटी आणि बाटली दाखवणार. लहान मुलं न्यायला हरकत नाही, चुलाणापासून लांब ठेवा. आणि बाटल्या घेऊन महाराष्ट्रात शिरणार असाल तर आधी नियम नीट बघा. गोव्याची दारू परवान्याशिवाय इकडे आणणं गुन्हा आहे, आणि बांद्याजवळच्या इन्सुली नाक्यावर गाड्या उघडून बघतात. आम्ही बागेतून काहीच घेतलं नाही, फक्त ओले काजू आणि तिरफळं. फेणी पणजीत हॉटेलवर, शेवटच्या दोन संध्याकाळी, लिंबू आणि साध्या सोड्याबरोबर संपवली. नवऱ्याने ग्लासात मिरची मागितली तेव्हा वेटरने त्याच्याकडे आदराने पाहिलं.

घरी आल्यावर मी मामाला फोन केला. उत्साहात सगळं सांगितलं. कोळंबी, नीरो, वारुळाची माती, आणि आपण कसे मूर्ख, एवढे बोंडू कुजवतो. मामा शांतपणे ऐकून घेत होता. मग म्हणाला, ‘कुजवता कोण? चार वर्षां झाली, गोंयचो टेंपो येता मार्चात, सगळे बोंडू भरून न्हेता. तू मे म्हयन्यात येतंस, तुका खंयसून दिसतले?’

मी विचारलं, मग आम्ही जी प्यायलो ती...

‘आता ह्या माका काय म्हायत,’ मामा म्हणाला. ‘बरी होती मां?’